विचित्र, अस्वस्थ करणारे, पदरमोड करून केलेले सिनेमे : कोणाला आवडतात आणि का?

तिरकी रेघ

आमच्या घरात सिनेमा निवडायचा अधिकार माझ्याकडून काढून घेतलाय. मी लावलेला सिनेमा संपला की कोणीतरी विचारतं, "मग शेवटी झालं काय?" आणि मला धड सांगता येत नाही. पण मला आवडतात ते असलेच. दार करकरलं, मांजर अंगावर आली, आपण दचकलो, अशा भुताच्या सिनेमांबद्दल नाही बोलत मी. ते संपले की आपण जेवतो नि झोपतो. मी म्हणतेय त्या सिनेमांत काहीतरी बिनसलंय हे पहिल्या पाच मिनिटांत जाणवतं आणि नेमकं काय बिनसलंय ते शेवटपर्यंत हाताला लागत नाही. बहुतेक वेळा ते कोणीतरी पदरचे पैसे घालून, मित्रांना राबवून केलेले असतात.

सुरुवात माझ्या लाडक्यापासून. डेव्हिड लिंचचा 'इरेजरहेड', १९७७. लॉस एंजेलिसच्या अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुने तबेले होते. तिथे सेट लावून हा सिनेमा पाचेक वर्षं रखडत चालला होता. पैसे संपले की काम बंद. लिंच पेपर टाकायचं काम करायचा, जरा जमले की परत कॅमेरा बाहेर. हेन्री झालेल्या जॅक नॅन्सनं तेवढी वर्षं ते ताठ उभे केस सांभाळले. एका जागी हेन्री दाराची मूठ फिरवतो आणि पुढच्या शॉटला आत येतो. त्या दोन शॉटच्या मधे दीड वर्ष गेलेलं आहे.

गोष्ट म्हणाल तर एवढीशीच. हेन्री मैत्रिणीच्या घरी जेवायला जातो. होणारे सासरेबुवा मोठ्या कौतुकानं त्याला कोंबडी कापायला सांगतात. कोंबड्या मुठीएवढ्या. हेन्री सुरी लावतो, तर भाजलेली कोंबडी ताटातल्या ताटात तंगड्या हलवायला लागते आणि आतून काळं काहीतरी बुडबुडत बाहेर येतं. सासूबाई भान हरपून विव्हळतात. सासरे हसतमुख. मग कळतं की मूल झालंय. ते मूल म्हणायचं की नाही हेच कोणाला ठाऊक नाही. कापडात गुंडाळलेलं, मान लांबलचक, डोळे दोन बाजूंना. रात्रभर किरकिरतं. मैत्रीण वैतागून माहेरी निघून जाते आणि हेन्री त्याच्यासोबत त्या एका खोलीत उरतो. ते मूल कसं बनवलं होतं हे लिंचनं मरेपर्यंत (२०२५ च्या जानेवारीत नव्हे का गेला) कोणाला सांगितलं नाही.

मला मुलापेक्षा त्या खोलीची जास्त भीती वाटते. खोलीत कायम एक घरघर चालू असते. रेडिएटर, वाफ, लांब कुठेतरी कारखाना. सबंध सिनेमात धड शांतता म्हणून नाही. बघून झाल्यावर आपल्याच घरातला फ्रिज ऐकू यायला लागतो.

तर प्रश्न असा की हे आपण का बघतो? नुसत्या याद्या नकोत प्लीज, इंटरनेटवर ढिगानं आहेत. एक सिनेमा घ्या आणि नीट लिहा. ज्यांना हा प्रकार आवडत नाही त्यांनीही लिहा.

घाटावरचा

वाचनखूण साठवली. रात्री निवांत लिहितो. आत्ताच ऑफिसात डबा उघडला होता आणि डब्यात कोंबडी होती. आभारी आहे.

चिंचपेटी

नावडतीचा मान मी घेते.

सकाळी ७:४० ची लोकल, दिवसभर ऑफिस, संध्याकाळी मुलाचा अभ्यास. एवढं झाल्यावर अस्वस्थ व्हायला मला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत हो, फुकट होते. विनोद सोडा. माझा खरा आक्षेप दुसरा आहे. यातले निम्मे सिनेमे कोणालाच कळलेले नसतात, पण सगळे अळीमिळी गुपचिळी. विचारलं की "ते अनुभवायचं असतं" म्हणतात. दिग्दर्शकाला स्वतःला तरी काय सांगायचं ते ठाऊक असतं का? गोष्ट नीट सांगता येत नाही म्हणून धूर सोडायचा आणि आपण त्याला कला म्हणायचं, हे मला मान्य नाही.

तिरकी रेघ, तुम्ही लिहिलंय छान. पण ते कोंबडीचं वाचून "बघावा" असं काही वाटलं नाही.

खडूस काका

चिंचपेटीताई, तुमचा आक्षेप जुना आणि सच्चा आहे. फिल्म सोसायटीत मध्यंतराला चहाच्या टेबलावर हेच भांडण व्हायचं. पण अस्वस्थतेत रस असतो ही काही अमेरिकेतून आलेली कल्पना नव्हे. भरतानं आठ रस सांगितले, त्यात भयानक आणि बीभत्स दोन्ही आहेत. जुगुप्सा हा बीभत्साचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना. किळस येणं हे रंगभूमीचं अधिकृत काम आहे, दोन हजार वर्षांपासून.

आता आपल्याकडचं सांगतो. १९७६ चा 'घाशीराम कोतवाल' किती जणांनी पाहिलाय? नाटक नव्हे, सिनेमा. एफटीआयआयमधून, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मुलांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढून, बँकेचं कर्ज घेऊन केला. दिग्दर्शक चार : मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. नाना फडणवीस मोहन आगाशेच, पण नाटकातली ती झुलती भिंत आणि लय डोक्यात घेऊन बसलात तर आपटाल. कॅमेरा थंडपणे बघत राहतो, माणसं घोळक्यानं सरकतात. ओळखीचं नाटक अनोळखी होऊन समोर येतं, आणि मला तरी ते फार अस्वस्थ करणारं वाटलं. पुढे त्याची धड प्रिंट मिळेना. अखेर बर्लिनमधल्या आर्सेनाल संस्थेकडे सापडली आणि तिथे ती दुरुस्त केली गेली. पुण्याच्या घाशीरामाला बर्लिनला जाऊन जीव आला.

त्या चारांतल्या कमल स्वरूपनं नंतर १९८८ मध्ये 'ओम दर-ब-दर' केला. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या पैशांतून. अजमेर-पुष्करकडची गोष्ट. ओम नावाचा पोरगा, त्याला श्वास रोखून धरायची विद्या अवगत. वडील ज्योतिषी. बहीण गायत्री थिएटरात बायकांची जागा सोडून पुरुषांत जाऊन बसते. मग बेडूक येतात, बेडकांच्या पोटात हिरे येतात. याला अर्थ विचाराल तर मी हात वर करीन. पण तो पोरकटपणा, ती जाहिरातींची भाषा, धर्म आणि विज्ञान एकाच पातेल्यात ढवळलेलं, हे सगळं मी माझ्या लहानपणी आजूबाजूला पाहिलेलं आहे. थिएटरात लागायला त्याला २०१४ चा जानेवारी उजाडावा लागला.

तिरकी रेघ

काका, ओम दर-ब-दरसाठी साष्टांग. पण रसाच्या मुद्द्यावर जरा भांडते. रस म्हटला की निष्पत्ती आली. भाव उठतो, वाढतो, रसात उतरतो आणि प्रेक्षक तृप्त होऊन घरी जातो. मी म्हणतेय ते सिनेमे ही शेवटची पायरीच गाळतात. भाव उठवतात आणि तसाच उघड्यावर सोडून निघून जातात. किळस आली, पण कशाची आणि कशासाठी, ते कळत नाही. मला जी चटक लागलीय ती याची.

चिंचपेटी, "दिग्दर्शकाला तरी ठाऊक असतं का" याचं उत्तर लिंचच्या बाबतीत बहुतेक "हो, पण सांगणार नाही" असं होतं. त्याला कोणी विचारलं की तो गोड हसून विषय बदलायचा.

फोलीवाला

धंद्यानं साऊंडवाला आहे, आयडीवरून कळलं असेलच (फोली म्हणजे पावलं, दारं असले आवाज नंतर करून सिनेमात घालणं). रेघताईंनी घरघरीचं लिहिलंय म्हणून राहवलं नाही.

इरेजरहेडचा आवाज अ‍ॅलन स्प्लेट आणि लिंच या दोघांनी मिळून केला. आमच्या कामात 'रूम टोन' म्हणून एक गोष्ट असते. सीन शूट झाला की सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करतात. पंखा, लांबचा रस्ता, भिंतींचा आपला असा एक सूर. नंतर संवाद कापताना मधल्या फटी त्यानं भरतात. प्रेक्षकाला तो ऐकू येता कामा नये, हीच त्याची नोकरी. स्प्लेट-लिंचनी तो पुढे आणून बसवला. नायकाच्या बरोबरीनं. कान सतत वाट बघतो की आता हा आवाज काहीतरी सांगेल, आणि तो काहीच सांगत नाही. मानेचे स्नायू आखडतात ते त्यामुळे. हेडफोन लावून बघा आणि मधेच म्यूट करा. खांदे खाली येतात. मी करून पाहिलंय.

याच्या बरोबर उलटी युक्ती १९६२ च्या 'कार्निव्हल ऑफ सोल्स'मध्ये आहे. नायिका दुकानात कपडे बघत असते आणि अचानक सगळे आवाज बंद. रूम टोनसकट. ती बोलते, कोणाला ऐकू जात नाही, कोणाला ती दिसतही नाही. दुकान चालूच आहे, लोक येतायत जातायत. साऊंडट्रॅक रिकामा ठेवायला शून्य पैसे लागतात. आजही कोणी निर्माता मला ते करू देणार नाही, "स्पीकर बिघडला असं वाटेल" म्हणेल.

सॉल्टलेकची सून

अय्या, कार्निव्हल ऑफ सोल्स! गेली बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पण यावर लिहिलंच पाहिजे, कारण त्यातला तो पडका मंडप आमच्याकडचा.

सॉल्टेअर त्याचं नाव. इथे युटामध्ये ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या तळ्याच्या काठी मोठा घुमटवाला विहार-मंडप होता, लोक नाचायला, पोहायला यायचे. नंतर बंद पडला आणि तळं मागे हटल्यामुळे नुसता मिठाच्या सपाटीवर उभा राहिला. हर्क हार्वी नावाचा माणूस कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी सेंट्रॉन कंपनीत काम करायचा. कंपनी शाळा-कारखान्यांसाठी माहितीपट काढायची. हा कॅलिफोर्नियाहून मोटारीनं घरी परतत होता, वाटेत संध्याकाळच्या उजेडात त्याला सॉल्टेअर दिसला आणि तिथेच ठरलं. जॉन क्लिफर्ड या सहकाऱ्याला म्हणाला, शेवटी भुतं त्या मंडपात नाचली पाहिजेत, अलीकडचं तू लिही. सुट्टी काढून तीनेक आठवड्यांत, सुमारे ३३,००० डॉलरमध्ये सिनेमा केला. नायिकेला दिसणारा तो पांढऱ्या चेहऱ्याचा माणूस हार्वी स्वतःच आहे, नट कशाला शोधा!

हार्वीनं बघितलेला मंडप १९७० मध्ये जळाला. आता आहे तो पुढे बांधलेला, गाण्याचे कार्यक्रम होतात तिथे. सासूबाई भारतातून आल्या तेव्हा हौसेनं घेऊन गेले. खारट कुजका वास, पाणी लांब कुठेतरी, पायाखाली पांढरं कुरकुरीत मीठ आणि त्यावर लाखो माश्या. सासूबाई म्हणाल्या, "हे बघायला एवढ्या लांब आणलंस?" मी काय सांगणार!

या सिनेमाच्या प्रिंटवर कॉपीराइटची नोंदच घातली नव्हती, त्यामुळे तो अमेरिकेत सगळ्यांच्या मालकीचा झाला. कायदेशीर, फुकट बघता येतो. नायिका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी आहे आणि पार्श्वसंगीतही सगळं ऑर्गनचंच. अपघातातून वाचलेली बाई. तिला कोणाशीच काही देणंघेणं नाही, आणि हे गावातल्या प्रत्येकाला खटकतं. भुतांपेक्षा मला तो शेजारच्या खोलीतला लगट करणारा भाडेकरू जास्त भीतीदायक वाटला.

घाटावरचा

हं, आता बसलो. माझा सिनेमा आसामी आहे. भास्कर हजारिकाचा 'आमिस', २०१९. स्पॉयलर आहेत. बघायचा असेल तर हा प्रतिसाद सोडून खाली जा.

गुवाहाटी. निर्मली मुलांची डॉक्टर, वयानं जरा मोठी, नवरा सतत दौऱ्यावर. सुमन पीएचडी करतोय, विषय ईशान्येतल्या मांसाहाराच्या परंपरा. ओळख होते ती खाण्यावरून. मग तो तिला एकेक नवीन मांस आणून खिलवायला लागतो. बाजारातलं गोठवलेलं नव्हे, ताजं, स्वतः शिजवलेलं. ती दोघं कधीच एकमेकांना हात लावत नाहीत. पहिला तासभर तुम्ही एक अतिशय सभ्य, हळवी प्रेमकथा बघत असता. उजेड मऊ, संगीत मऊ, माणसं मऊ. ती विवाहित आहे, तो सज्जन आहे, पुढे जायचं नाही हे दोघांना पटलेलं आहे.

मग तो काय करतो, तर आपल्या जनावरांच्या डॉक्टर मित्राला गाठून मांडीचा छोटा तुकडा कापून घेतो, शिजवतो आणि तिला डब्यात देतो.

ती खाते तो सीन मी विसरू शकत नाही. चेहऱ्यावर नुसतं सुख. कॅमेरा ओरडत नाही, संगीत धडकी भरवत नाही, दिग्दर्शक कुठेही "बघा किती भयंकर" म्हणत नाही. आणि ती दोघं आवडलेली असतात ना आपल्याला! आपण तासभर "एकदा तरी हात धरा रे" म्हणत होतो. आता धरलाय, असा. तिला कळतं काय खाल्लं, ओकते, आणि नंतर पुन्हा हवं होतं. इथून पुढचं सांगत नाही.

चिंचपेटी, यात न कळण्यासारखं काहीही नाही. गोष्ट अगदी सरळ, शाळेतल्या मुलालाही सांगता येईल (सांगू नका). धूर नाही. तरी मी रात्रभर जागा होतो. त्यामुळे "न सांगणं" हेच सगळं रहस्य, हे रेघेचं म्हणणं मला अर्धंच पटतं. याच माणसाचा आधीचा 'कोथानदी' (२०१५) लक्ष्मीनाथ बेजबरुआंच्या 'बुढी आइर साधु' या लोककथांवर आहे. आसामात पोरांना झोपताना सांगतात त्या गोष्टी. एका बाईच्या पोटी ओउटेंगा जन्मतो, म्हणजे करमळाचं फळ, आणि ते आईच्या मागं मागं घरंगळत जातं. सीमा बिस्वास आणि आदिल हुसेन आहेत त्यात. पैसे काही लोकवर्गणीतून उभे केले होते.

पाऊलखूण

+१ आमिससाठी. मी शाकाहारी आहे आणि तरी तो डबा उघडताना तोंडाला पाणी सुटलं होतं. याचं काय करायचं ते आजतागायत कळलेलं नाही.

चिंचपेटी

घाटावरचे, स्पॉयलर वाचूनच बघितला, म्हणजे धक्का बसायला नको. तरी बसला.

दोन गोष्टी लिहिते. एक, निर्मलीला सिनेमाभर कोणी विचारत नाही की तुला काय हवंय. नवरा घरी येतो तेव्हाही पाहुण्यासारखा. त्या तुकड्यापेक्षा मला ते जास्त लागलं. दोन, आवडला का म्हणाल तर नाही. "आवडला" म्हणावं असा तो नाहीच. पण पोकळ आहे असं आता म्हणणार नाही.

मी तुम्हाला एक देते, जो मी चुकून पाहिला होता. देवाशिष मखीजाचा 'अज्जी' (२०१७). मुंबईतली झोपडपट्टी, दहा वर्षांच्या नातीवर अत्याचार होतो, करणारा पुढाऱ्याचा मुलगा, पोलीस घरी येऊन गप्प बसायला सांगतात. आजी सुषमा देशपांडे. आम्ही कॉलेजात त्यांचं 'व्हय मी सावित्रीबाई' पाहिलं होतं, तो खणखणीत आवाज डोक्यात होता. इथे त्या जवळजवळ बोलतच नाहीत. पाय ओढत चालणारी म्हातारी खाटकाकडे जाऊन सुरी कशी धरायची ते शिकते. सूडाच्या सिनेमात आपण शिट्ट्या मारतो, इथे मारवत नाही. आणि अभिषेक बॅनर्जीचा दुकानातल्या पुतळ्याबरोबरचा जो सीन आहे, तो मी पुढे ढकलला. पुढे ढकलणं हे माझ्या मते प्रेक्षकाचा हक्क आहे. यावर कोणी शिकवणी घेऊ नये.

तिरकी रेघ

कोणी घेणार नाही. अज्जीतला तो सीन मीही बोटांच्या फटीतून पाहिला.

वांद्रे पूर्व

घाटावरचा म्हणतोय ते खरंय, गोष्ट सरळ असूनही घाम फुटू शकतो. पण गोष्टच नसली तर? सनलकुमार शशिधरनचा 'एस दुर्गा' बघा. मल्याळम, २०१७.

रात्र. एक मुलगा कबीर, एक मुलगी दुर्गा, ती उत्तरेकडची. दोघं पळून चाललीत, रेल्वे स्टेशन गाठायचंय. एक ओम्नी थांबते, आत दोन माणसं. "बसा, सोडतो." बास, हाच सिनेमा. ती माणसं काहीच करत नाहीत. म्हणजे धमकी नाही, हात नाही, काही नाही. मदतच करतात. हसतात, नाव विचारतात, पुन्हा विचारतात, गाडी थांबवतात, चालू करतात. दोघं घाबरून उतरतात, अंधारात थोडं चालतात, दुसरं कोणी थांबत नाही, परत तीच ओम्नी. लेखी पटकथा नव्हती म्हणतात, आणि ते बघताना जाणवतं, कारण सीन कुठे संपणार ते कोणालाच माहीत नसल्यासारखं वाटतं. मधे मधे कॅमेरा गावातल्या 'गरुडन तूक्कम'कडे जातो. देवीचे भक्त पाठीच्या कातडीत आकडे अडकवून टांगून घेतात आणि मिरवणूक निघते. तो प्रकार खराच आहे, सेट नाही. तिकडे देवीसाठी रक्त काढणारे पुरुष, इकडे दुर्गा नावाच्या मुलीला "सोडतो" म्हणणारे पुरुष.

दुर्गा झालेली राजश्री देशपांडे आपली औरंगाबादची. रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवात याला टायगर पुरस्कार मिळाला. गोव्यात काय झालं ते आठवत असेल. २०१७ च्या इफ्फीत, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, ज्युरींनी इंडियन पॅनोरमा या भारतीय सिनेमांच्या विभागात निवडला होता, माहिती-प्रसारण मंत्रालयानं तो आणि आपला रवी जाधवचा 'न्यूड' दोन्ही यादीतून काढले. ज्युरींचे प्रमुख सुजॉय घोष राजीनामा देऊन मोकळे झाले. केरळ उच्च न्यायालयानं दाखवा म्हणून सांगितलं, तरी महोत्सव संपेपर्यंत पडद्यावर आला नाही. मूळ नाव 'सेक्सी दुर्गा' होतं, सेन्सॉरनं एक अक्षर ठेवलं.

मी पुरुष आहे आणि ओम्नीतल्या माणसांसारखं "घाबरू नका हो, सोडतो" असं मी कितीदा म्हणालो असेन. बघून झाल्यावर रात्री कोणा बाईला लिफ्ट विचारताना जीभ अडखळते.

चिंचपेटी

हे मला बघायची गरज नाही. ही ओम्नी प्रत्येक बाईच्या ओळखीची आहे. पण तुम्ही बघितलात ते बरं झालं.

रताळं

एवढे सगळे थोर सिनेमे आणि कोणी 'स्किनामारिंक'चं नाव नाही घेतलं? २०२२. काइल एडवर्ड बॉल. १५,००० कॅनडियन डॉलर, म्हणजे तेव्हाचे नऊ लाखांच्या आसपास. एडमंटनमधल्या स्वतःच्या लहानपणच्या घरात शूट केला. दोन लहान भावंडं रात्री उठतात, आईबाप गायब, मग खिडक्या गायब, दारं गायब. फक्त टीव्हीवर जुनी कार्टून चालू. त्यानं २० लाख डॉलर कमावले थिएटरात. अफाट पिक्चर.

खडूस काका

रताळं, पाहिला. शंभर मिनिटं छताचा कोपरा आणि गालिचा दाखवलाय. माणसाचं तोंड दाखवायचंच नाही अशी शपथ घेतली होती का?

रताळं

काका, चार वर्षांच्या पोराच्या उंचीवरून रात्री घर तसंच दिसतं. जमीन, सोफ्याचा पाय, दाराची वरची चौकट. हा माणूस आधी यूट्यूबवर लोकांकडून त्यांची दुःस्वप्नं मागवून त्यांच्या छोट्या फिल्म करायचा. तिथे त्याला दिसलं की एक स्वप्न खूप जणांना पडतं : मी लहान आहे, घरात एकटा आहे, घरात काहीतरी आहे. मलाही पडायचं. तुम्हाला नसेल पडत.

खडूस काका

आम्ही दहा माणसं दोन खोल्यांत झोपायचो. एकटं राहायची सोयच नव्हती.

फोलीवाला

काकांनी नकळत मोठा मुद्दा मांडलाय. चाळीत वाढलेल्याला रिकाम्या घराची भीती कुठून येणार! आमच्याकडे भीती वाटायची ती जिन्याखालच्या सामायिक मोरीची.

स्किनामारिंकवर : दृश्यातले ठिपके आणि आवाजातली खरखर दोन्ही मुद्दाम घातलेलं आहे. इतकी खरखर की कानाला त्यात शब्द ऐकू यायला लागतात, आणि दिग्दर्शक अधूनमधून खरंच तिथे शब्द ठेवतो, सबटायटलसकट. म्हणजे तुम्ही भ्रम समजून सोडून द्यावं तर खाली छापून येतं. लबाड आहे. पण मीही चाळीस मिनिटं कमी केली असती.

पाऊलखूण

मराठीत काय आहे यावर कोणी बोलेल का? तुंबाड सोडून, त्यावर इथे सतरा धागे आहेत.

वांद्रे पूर्व

तुंबाड हिंदीच, आणि सोहम शाहनं सहा वर्षं पैसे ओतले त्याला पदरमोड म्हणावं की नाही यावर अठरावा धागा निघेल. फक्त एक सांगून पुढे जातो, त्यातली ती आजी आणि पुढचा पांडुरंग ही दोन्ही कामं मोहम्मद समद या एकाच पोरानं केलीत.

मराठीत आदिश केळुसकरचा 'कौल' (२०१६). रोहित कोकाटे आहे. कोकणातलं गाव, बाहेरून आलेला एक तरुण, आणि एका रात्री त्याला काहीतरी अनुभव येतो. काय, ते सिनेमा समजावत बसत नाही. आपल्याकडे कोकण म्हटलं की एकतर हिरवंगार पर्यटन नाहीतर मुंजा-हडळ. या माणसानं त्यातलं काहीच न करता नुसता अंधार आणि झाडं लावलीत. आदिशचाच 'जाऊं कहां बता ऐ दिल' त्याहून छळवादी आहे. एक जोडपं, एक दिवस, मुंबईभर फिरणं आणि बोलणं. पुन्हा रोहित कोकाटे. त्यातला पुरुष मी लोकलमध्ये रोज ऐकतो.

तिरकी रेघ

मी उमेश कुलकर्णीचा 'विहीर' या यादीत घालीन. हसू नका. त्यात भयपटाचं काही नाही, गावाकडचं घर, लग्नघाई, नचिकेत आणि समीर ही भावंडं, विहिरीत उड्या. पण नचिकेत लपाछपीत लपावा तसा गोष्टीतून निघून जातो आणि समीर राज्य असल्यासारखा त्याला शोधत राहतो. कोणी "खेळ संपला" म्हणत नाही. घरातली मोठी माणसं आपापल्या परीनं रडून झाल्यावर कामाला लागतात, ते बघून माझ्या पोटात जो गोळा आला तो इरेजरहेडच्या जवळचा होता. 'वळू' करणाऱ्या माणसाकडून लोक हसायच्या तयारीनं गेले होते, ते गप्प बाहेर आले.

चिंचपेटी

विहीर मला आवडतो! म्हणजे मी पण तुमच्यातलीच निघाले की काय? नाही, थांबा. विहीरमध्ये समीरबद्दल माया आहे. दिग्दर्शक त्याला एकटं टाकत नाही. आमिसमध्येही आहे ती, अज्जीत तर आहेच. माझं भांडण माया नसलेल्या सिनेमांशी आहे. तुमच्या इरेजरहेडमध्ये आहे का कोणाबद्दल माया?

तिरकी रेघ

आहे ना. मूल आजारी पडतं तेव्हा हेन्री त्याच्याजवळ बसतो, वाफेचं यंत्र लावतो, ताप बघतो. मूल असं दिसणारं, बाप असा गोंधळलेला, तरी तो बसतो. थोडाच वेळ. मग जे होतं ते होतं. तो थोडा वेळ नसता तर बाकीचं मला बघवलं नसतं.

घाटावरचा

माया नसलेला हवा असेल तर त्सुकामोतोचा 'तेत्सुओ' आहे, जपान, १९८९. कृष्णधवल, १६ एमएम, दिग्दर्शक स्वतः नट. माणसाच्या गालातून तार उगवते आणि हळूहळू तो अख्खा भंगाराचा ढीग होतो. काम इतकं रेटलं म्हणतात की बरेचसे साथीदार मधेच सोडून गेले. मला फार आवडतो. चिंचपेटी, तुम्ही बघू नका.

चिंचपेटी

असं म्हटलं की मी बघणार हे एव्हाना कळायला हवं होतं. किती वेळाचा आहे? मुलगा साडेनऊला झोपतो.

घाटावरचा

६७ मिनिटं. आवाज कमी ठेवा, मुलगा उठेल. आणि जेवण आधी उरकून घ्या.